शब्दकोशाचं ॲप छान आहे, पण 'सर्पिल'चा अर्थ दुरुस्त करा (३ स्टार)

चारेक महिने झाले हे ॲप रोज वापरतोय. नेट नसलं तरी चालतं, अर्धा शब्द टाइप केला की पुढचा सापडतो, त्याबाबतीत एकदम मस्त. पण परवा मुलीला विज्ञान वाचताना 'सर्पिल' शब्द अडला म्हणून ॲप उघडलं तर अर्थ काय दिलाय, 'नागमोडी, वलयाकार, मळसूत्री', तिन्ही एका ओळीत स्वल्पविराम देऊन, आणि ती म्हणाली बाबा मग यातलं नक्की कुठलं? मला खरंच वाईट वाटलं, कारण हे सगळे वेगवेगळे आकार आहेत हो.

नागमोडी म्हणजे घाटातला रस्ता, डावी-उजवीकडे वळत पुढे जाणारा. वलय म्हणजे बंद कडं, निघालात तिथेच परत. सर्पिल मात्र मध्यापासून सुरू होतं आणि गोल फिरत फिरत लांब जातं, वेटोळं घालून बसलेला साप वरून बघितल्यासारखं. आणि मळसूत्री म्हणजे स्क्रूचे आटे, फिरत वर चढतात पण आसापासूनचं अंतर तेवढंच. म्हणून जिना मळसूत्री आणि आपली आकाशगंगा सर्पिल, उलट करून म्हणून बघा, लगेच खटकतं. १९५३ साली उलगडलेली डीएनएची रचना पण मळसूत्रीच.

बरं सर्पिलातही प्रकार आहेत. डासांच्या उदबत्तीसारखी गुंडाळलेली दोरी बघा, दोन फेऱ्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं, हे आर्किमिडीजचं. नॉटिलस या समुद्री प्राण्याच्या शंखात तेच अंतर प्रत्येक फेरीला वाढत जातं, त्याला लॉगरिदमिक म्हणतात. याकोब बर्नुली या गणितज्ञाचा या दुसऱ्यावर एवढा जीव की आपल्या समाधीवर तेच कोरा म्हणून सांगून ठेवलं होतं, १७०५ ला तो गेला आणि कोरणाऱ्याने कोरलं ते आर्किमिडीजचं! स्वित्झर्लंडमधल्या बासेलला ती शिळा अजून आहे. आकारांची गल्लत झाली की असं होतं.

डेव्हलपरना मनापासून विनंती, प्रत्येक अर्थाला नुसतं एक छोटं रेखाचित्र आणि एक वापराचं वाक्य द्या, 'सर्पिल दीर्घिका', 'मळसूत्री जिना' एवढं पुरे. डोक्यावरच्या केसांचा 'भोवरा' पण याच घरातला शब्द, तो तर ॲपमध्ये फक्त खेळणं म्हणून दिलाय. हे केलंत की उरलेले दोन स्टार लगेच देतो.