इसबगोल घ्यावं की इन्युलिनची पावडर?

परभणीचा मावसभाऊ परवा दोन डबे घेऊन आला. एकात इसबगोल, दुसऱ्यात इन्युलिनची पावडर. त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा होण्याचा आजार; सध्या दुखणं शांत आहे. "ताई, यातलं कोणतं सुरू करू?"

दोन्ही वनस्पतीचेच, आपल्याला न पचणारे पदार्थ. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल तयार होतं आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. या आजारात ब्युटिरेट बनवणारे जिवाणू बऱ्याचदा कमी झालेले असतात, म्हणून त्यांना खाऊ घालायचा हा खटाटोप.

फरक आंबण्यात आहे. चिकोरीच्या मुळातून काढलेलं इन्युलिन पाण्यात विरघळतं आणि पोटात भराभर आंबतं, त्यामुळे गॅस धरतो. इसबगोल पेल्यात टाकलं की थोड्याच वेळात बुळबुळीत गोळा होतो. तो जिवाणूंना धड फोडता येत नाही, त्यामुळे गॅस कमी होतो आणि पातळ शौच बांधून येते.

1999 मध्ये स्पेनमध्ये, आजार शांत असलेल्या 105 कोलायटिस रुग्णांवर चाचणी झाली. रोज 20 ग्रॅम इसबगोलाच्या बिया घेणाऱ्यांपैकी 40 टक्क्यांचा आजार वर्षभरात उलटला, मेसालामाइनच्या (या आजारावरच्या नेहमीच्या औषधाच्या) गोळीवर असलेल्यांपैकी 35 टक्क्यांचा. फरक थोडा, पण चाचणी लहान होती. तेवढ्यावर गोळी बंद करू नका, हे मी त्याला दोनदा बजावलं.

इन्युलिन ज्या जातीचं आहे त्या फ्रुक्टनचं, म्हणजे फ्रुक्टोज साखरेच्या न पचणाऱ्या साखळ्यांचं, चित्र मिश्र आहे. 2019 मध्ये कोलायटिसच्या 25 रुग्णांत रोज 15 ग्रॅमच्या मात्रेने बरं वाटलं. पण 2011 मध्ये क्रोन्स (आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार) भडकलेल्या 103 जणांत तेवढ्याच ऑलिगोफ्रुक्टोजने, म्हणजे आखूड साखळीच्या फ्रुक्टनने, काही फायदा दिसला नाही, उलट ते घेणारेच जास्त संख्येने मध्येच सोडून गेले. 2023 मध्ये तर असं दिसलं की न आंबलेले फ्रुक्टन काही रुग्णांच्या आतड्यात सूज वाढवू शकतात. आंबवणारे जिवाणूच उरले नसतील, तर खाऊ कोणासाठी?

कांदा-लसणातही फ्रुक्टनच असतं. आजार भडकला की ठेचा बाधतो, त्यात दोष एकट्या मिरचीचा नसतो, लसणाचाही असतो. ज्वारीची भाकरी मात्र शिळी झाली की तिच्यातला थोडा स्टार्च न पचणारा होतो. शांत काळात ती खुशाल खावी.

मी त्याला इसबगोल सांगितलं: सुरुवातीला अर्धा चमचा, पेलाभर पाण्यात, आणि गोळ्यांपासून दोन तास लांब. क्रोन्समध्ये आतडं अरुंद झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय इसबगोलही नको, ते फुगून अडकतं. इन्युलिनचा डबा मी ठेवून घेतला.