राजारामपुरीतला शनिवारचा गट: अडखळणाऱ्या आणि गप्प राहणाऱ्या मुलांसाठी

कोल्हापुरात मुलांसाठी स्पीच थेरपी मिळते, पण ती बहुतेक ठिकाणी एकास एक. खोलीत घडाघडा बोलणारं मूल वर्गात नाव विचारलं की पुन्हा अडतं, ते त्यामुळेच. राजारामपुरीतल्या या छोट्या केंद्रात शनिवारी चार-चार मुलांचा गट घेतात, पाऊण तास. या कामातलं जाणणाऱ्याच्या नजरेनं पाहिलं तर गटाची आखणी खरोखर चांगली आहे.

आधी श्रवणचाचणी होते, मग दोन-तीन एकेकट्या भेटी, आणि त्यानंतरच गट. हा क्रम बरोबर आहे. मूल बोबडं बोलतंय, अडखळतंय की फक्त बुजतंय, हे ठरल्याशिवाय गटात घातलं तर ते आणखी मिटतं. इथल्या तपासणीत आणखी एक गोष्ट आवडली. घरात सगळे 'पानी', 'लोनी' म्हणत असतील तर मुलाचं 'पानी' हा दोष धरत नाहीत. ती घरची बोली आहे. 'काका'ला 'ताता' म्हणणं मात्र पाचव्या वर्षीही टिकलं तर त्यावर काम करतात.

गटात प्रत्येकाला पाच चिंचोके मिळतात. बोलायचं तर मधल्या स्टीलच्या वाटीत एक टाकायचा. संपले की ऐकायचं. बडबड्याला आवर बसतो आणि गप्प मुलाला आपली पाळी राखून ठेवलेली दिसते. यात एक पळवाट होती: मुलं 'हो', 'नाही' म्हणून पाचही संपवायची. म्हणून आता आधीच्या मुलानं जे सांगितलं त्याला धरून बोललं तरच चिंचोका वाटीत पडतो. गटात बोलणं म्हणजे निम्मं ऐकणंच असतं, ते या एका नियमानं साधतं.

मोठ्यानं वाचन हा गटाचा सगळ्यात भक्कम भाग. पहिली ओळ चौघं एका सुरात वाचतात, दुसरीला दोघं थांबतात, तिसरी एकट्याची. एका सुरात वाचताना अडखळणं जवळजवळ नाहीसं होतं, त्यामुळे मूल बोलतं झालेलं असतानाच हळूच एकटं उरतं. घाई केली तर बिघडतं. दुसऱ्या ओळीवरच मूल अडायला लागलं तर त्या दिवशी तिसरी घ्यायची नाही, आणि इथे घेत नाहीत.

महिन्यातून एकदा गट रंकाळ्यावर भेळ घ्यायला जातो. ऑर्डर मुलानंच द्यायची: 'चार भेळ, एक कमी तिखट.' 'भ'वर ओठ घट्ट मिटले की आवाज कोंडतो. ओठ नुसते टेकवून सोडायचे, हे खोलीत शिकवलेलं असतं. पण गाड्यावर गर्दी, मागून कोणीतरी 'लवकर सांग की रं' म्हणणार. मग मूल बोट दाखवतं, नाहीतर 'भेळ' टाळून 'ओली द्या' म्हणतं. वरवर पाहता काम झालं, पण शब्द टाळायची सवय अडखळण्यापेक्षा जास्त चिवट असते. थेरपिस्ट तिथे मुलाच्या वतीनं बोलत नाहीत, नुसत्या शेजारी उभ्या राहतात. अडखळत का होईना 'भेळ' म्हटलं तर ते यश धरतात. अगदी योग्य.

पालकांना घरचा अभ्यास रोज पाच मिनिटांचा: टीव्ही बंद, मुलाचं वाक्य संपल्यावर मनात एक आकडा मोजून मग उत्तर, शब्द पुरा करून द्यायचा नाही. 'सावकाश बोल', 'श्वास घे' हेही बंद, कारण त्यानं मुलाचं लक्ष सांगायच्या गोष्टीवरून तोंडाकडे जातं.

आता उणिवा. खोली रस्त्यावर आहे, संध्याकाळी हॉर्नच्या आवाजात मुलं घसा ताणून बोलतात आणि शिकवलेला सैलपणा जातो. वेळ सकाळची हवी. सहा वर्षांचं आणि अकरा वर्षांचं मूल एकाच गटात बसवणंही चुकीचं. लहान मूल गप्प होतं. अहवाल इंग्रजीत मिळतो. वर्गशिक्षकांसाठी मराठीत एक पान द्यायलाच हवं: हजेरीला घाई करू नका, तोंडी परीक्षेत जादा वेळ द्या, एवढं तरी. त्याशिवाय शनिवारची मेहनत सोमवारी वर्गात वाया जाते.

घरी बोलणारं पण शाळेत महिनोन्‌महिने एक शब्दही न काढणारं मूल असेल तर या गटापासून सुरुवात नको. त्याला आधी आईसोबत एकेकटं काम लागतं.

कुठल्याही केंद्रात थेरपिस्टची भारतीय पुनर्वसन परिषदेकडची नोंदणी विचारून घ्या. इथे प्रमाणपत्र भिंतीवरच आहे. पहिल्या भेटीला घरी बोलतानाचं दोन-तीन मिनिटांचं मोबाइल रेकॉर्डिंग न्या, कारण नवख्या खोलीत मूल पुष्कळदा घरच्यासारखं बोलतच नाही.