एमबीबीएसच्या पहिल्या वर्षासाठी घेतलेला फायबरचा हाफ सेट : अनेक महिन्यांच्या वापरानंतर

प्रवेश निश्चित झाल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंतच्या दिवसांत ॲप्रन, डिसेक्शन किट आणि पुस्तके यांची खरेदी फारसा विचार न करताही पार पडते. खरा विचार करावा लागतो तो बोन सेटचा, म्हणजे शरीररचना शिकण्यासाठी लागणाऱ्या हाडांच्या संचाचा. सीनियर विद्यार्थ्यांकडची खरी हाडे घ्यावीत की फायबरची, या प्रश्नावर मी फायबरचा हाफ सेट निवडला. त्यात कवटी, मणके, बरगड्या आणि एकाच बाजूच्या हातापायांची हाडे असतात.

लांब हाडांसाठी हा सेट उत्तम ठरला. फीमर (मांडीचे हाड) हातात घेऊन त्याचा गोल माथा आत आणि वर, तर लिनिआ ॲस्पेरा ही खडबडीत उभी कड मागे येईल असे धरायचे आणि मग ते डाव्या बाजूचे की उजव्या हे सांगायचे, हा सराव व्हायवापूर्वी (तोंडी परीक्षेपूर्वी) कितीही वेळा करता येतो. स्नायू जेथून सुरू होतात ते उगम लाल आणि जेथे जाऊन जोडले जातात ते निवेशन निळ्या रंगाने रेखाटता येते. मात्र मार्करचा डाग फायबरवरून जात नाही, म्हणून रंगीत खडूच वापरावा. न्यूट्रिअंट फोरॅमेन, म्हणजे हाडात रक्तवाहिनी शिरते ते छिद्र, त्याच्या जागी माझ्या फीमरवर केवळ एक खळगा आहे. ते छिद्र गुडघ्यापासून दूर, वरच्या दिशेने जाते, हे त्यावरून समजणे शक्यच नाही.

कवटीबाबत माझे समाधान अर्धेच आहे. स्टायलॉइड प्रोसेससारखा (कानाखालच्या सुईसारख्या टोकासारखा) नाजूक भाग जुन्या खऱ्या कवटीत बहुतेकदा तुटलेला आढळतो. तो येथे अजून शाबूत आहे. परंतु कवटीचे झाकण काढून मिडल क्रेनिअल फोसा (कवटीच्या तळाचा मधला खोलगट भाग) पाहिला, तर तेथील छिद्रांपैकी फोरॅमेन ओव्हेल आणि स्पायनोसम आरपार असूनही रोटंडम साच्यातच बुजलेले आहे. ज्या छिद्रातून मॅक्सिलरी नर्व्ह (वरच्या जबड्याकडे जाणारी नस) बाहेर पडते, तेच बंद असेल तर तिचा मार्ग डोळ्यांसमोर उभा राहत नाही. मनगटाची आठही हाडे तारेत ओवलेली असल्याने त्यांपैकी स्कॅफॉइडसारखे एखादे हाड सुटे करून ओळखण्याचा सरावही होत नाही. या दोन्ही गोष्टी मला विभागाच्या संग्रहालयातील खऱ्या हाडांवरच शिकाव्या लागल्या, आणि त्यासाठी तेथे नियमित जाण्याला पर्याय नाही.

तरीही पुन्हा खरेदी करायची झाल्यास मी फायबरच घेईन. १९८५ मध्ये निर्यातबंदी होईपर्यंत भारत मानवी सांगाड्यांचा जगातील मोठा पुरवठादार होता, आणि त्या व्यापारात मृतांची किंवा त्यांच्या नातलगांची संमती विचारली जाईलच असे नव्हते. हातोहात फिरणाऱ्या जुन्या सेटमधील हाड कोणाचे, हे आज कोणीच सांगू शकत नाही. डिसेक्शन हॉलमध्ये देहदात्यांपुढे शपथ घेतल्यानंतर वसतिगृहाच्या खाटेखाली तसे खोके ठेवणे मला पटले नसते.

दुकानात सेट घेताना कवटी उघडून प्रत्येक फोरॅमेनमध्ये बारीक तार घालून पाहावी, आणि हाताच्या पंजाची हाडे तारेत न ओवता सुटी मिळतात का, हे आधीच विचारून घ्यावे.