मालवणचे डॉल्फिन की मिरिसाचा देवमासा?

तापीकाठच्यांना समुद्र लांबच, त्यामुळे आधी नीट ठरवून निघावं.

मालवण सोपं. भुसावळ-जळगावहून रेल्वेने मुंबई, पुढे कोकण रेल्वेने कुडाळ. होडीची फेरी छोटी, किनाऱ्यालगत. दिसतात ते हम्पबॅक, म्हणजे पाठीवर कुबड असलेले, डॉल्फिन. देवमाशाची आशा धरू नये. सकाळी वारा पडलेला असताना जावं. पावसाळ्यात होड्या बंद.

श्रीलंकेतलं मिरिसा खर्चिक, पासपोर्टही हवा; पण निळा देवमासा पाहायचा तर तेच. तिथे खोल समुद्र किनाऱ्यापासून जवळ आहे. हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, बोट सकाळी ६-६.३० ला सुटते, फेरी ४-५ तासांची. आधी दिसतो त्याच्या श्वासाचा फवारा, खांबासारखा सरळ आणि उंच; मग सरकत जाणारी लांबलचक निळी-राखाडी पाठ. शेपटी वर आली की समजायचं, आता १०-१५ मिनिटं तो वर येत नाही. त्याच्या अंगावर जाणारी बोट घेऊच नका. १०० मीटर अंतर राखणारीच निवडा.

खरी अडचण बोट लागण्याची. आदल्या रात्री झणझणीत शेवभाजी नको. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी तासभर घ्या. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. बोटीच्या मध्यावर बसा, नजर क्षितिजावर ठेवा. सोबत लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर मालवणच बरं.