टेक्श्चर पेस्ट कशाने लावायची: काडी, टूथपिक, जुनं कार्ड की ब्रश?

मिनिएचरच्या, म्हणजे टेबलावरच्या युद्धखेळांतल्या छोट्या रंगवायच्या मूर्तींच्या, बेसवर (पायांखालच्या चकतीवर) माती-खडीचा पोत द्यायला तयार पेस्ट मिळते, तीच टेक्श्चर पेस्ट. ती लावायला कंपन्या छोटे स्पॅचुलाही विकतात. दहा-वीस सैनिकांचं पथक करायचं असेल तर त्यावर पैसे घालवायची काही गरज नाही, घरातलीच एखादी वस्तू चालते. कुठली, ते ठरवण्याआधी एक गोष्ट पक्की करा: पेस्ट रंगकामाआधी लावणार की नंतर?

आधी लावून वरून प्रायमर (रंग नीट धरावा म्हणून देतात तो पहिला थर) मारणार असाल तर बुटांवर थोडी सांडली तरी बिघडत नाही, ओल्या टूथपिकने पुसली की झालं. मात्र प्रायमरखाली पेस्टचा मूळ रंग जातो, बेस नव्याने रंगवावा लागतो. रंगीत पेस्टचा रंग तसाच ठेवायचा असेल तर ती शेवटी लावायची, आणि मग रंगवलेल्या पायांशेजारी हात सांभाळून चालवावा लागतो.

आधी लावणाऱ्यांसाठी आइस्क्रीमची काडी किंवा कॉफी ढवळायची लाकडी पट्टी पुरते. आइस्क्रीमची काडी 60 मिमीच्या बेसवर किंवा टेबलावरच्या टेकड्या-पडक्या भिंतींवर भराभर चालते. पण 32 मिमीच्या बेसवर दोन पायांच्या मध्ये ती शिरतच नाही, कोपरे कोरडे राहतात. कॉफीची पट्टी अरुंद असते, तिचं टोक ब्लेडने तिरकं कापलं की बरंच जमतं. लाकडाची खोड एकच, ते पाणी शोषतं. चार-सहा बेस झाले की टोकावर पेस्टचा गोळा धरतो आणि पुढचा थर ओरखडत जातो. काड्या स्वस्त आहेत, फेका आणि नवी घ्या.

टूथपिक नेमकी उलटी. पायांमध्ये, लोंबणाऱ्या अंगरख्याखाली, दगडाच्या बेचक्यात तिच्याइतकं काही पोचत नाही. पण अख्खा बेस तिने भरायला गेलात तर कंटाळून जाल. शिवाय पेस्ट भरड असेल तर खडे टोकापुढे लोटले जातात आणि मागे नांगरल्यासारखी चर उमटते. चिखलात गाडीच्या चाकोऱ्या हव्या असतील तर हीच चर मुद्दाम काढावी.

माझा कौल जुन्या प्लास्टिक कार्डाला. मुदत संपलेलं एटीएम कार्ड जेमतेम 0.76 मिमी जाड असतं. त्यातून 5 मिमी रुंदीची, बोटभर लांब पट्टी कापा, टोक तिरकं करा आणि कडा पॉलिश पेपरवर एकदा घासा. (चिप आणि आकड्यांचा भाग बारीक तुकडे करून वेगळा टाका.) पट्टी लवते, त्यामुळे थर ओढला न जाता बसतो. बेसच्या कडेवरून ती आडवी फिरवली की बाहेर आलेली पेस्ट एका फटक्यात निघते. वाळलेली पेस्ट पट्टी वाकवली की बहुतेक तडकून गळते, धुण्याचं कामही फारसं राहत नाही. कार्ड नसेल तर स्प्रूचा (मिनिएचरचे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात तिचा) तुकडा चाकूने चपटा करून घ्या. तो लवत नाही, पण पाणीही शोषत नाही.

भेगा पडणाऱ्या पेस्टमध्ये, म्हणजे सिटाडेल या रंगांच्या ब्रँडच्या मार्शियन आयर्नअर्थ किंवा अ‍ॅग्रेलन अर्थमध्ये, कार्डाची पट्टी फारच सरस ठरते. तिथे थराची जाडी हाच सगळा खेळ आहे: जाड थराला रुंद भेगा, पातळ थराला बारीक जाळी. पट्टीने जाड गोळा ठेवा, एकदाच पसरा आणि हात काढून घ्या. अर्धवट वाळलेल्या थराला टूथपिक लावलीत तर त्याची सालं निघतात.

आता ब्रश. चांगला ब्रश या पेस्टला लावूच नका. वाळू केसांच्या मुळाशी, धातूच्या नळीत जाऊन बसते आणि ब्रशचा झाडू होतो. पिसारलेला जुना ब्रश मात्र टाकू नका. पट्टीने पेस्ट लावून झाली की तो ओला करून, झटकून, वरून हलके टिपके मारा, पट्टीच्या रेषा मोडतात आणि थराची कड बेसमध्ये मिसळते. भेगांच्या पेस्टवर मात्र हे करू नका, पाण्याने थर पातळ होतो.

एकच वस्तू ठेवायची असेल तर कार्डाची पट्टी, दोन चालत असतील तर सोबत टूथपिक. सिटाडेलची 24 मिलीची छोटी डबी असेल तर पट्टीवर थेट डबीतूनच घ्या. वायेहो या दुसऱ्या ब्रँडच्या 200 मिलीच्या मोठ्या डब्यातून लागेल तेवढी पेस्ट झाकणावर काढा आणि डबा लगेच बंद करा, नाहीतर वर साय धरते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात जाड थर रात्रभर तसाच ठेवा. वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) आणि ड्रायब्रश (जवळपास कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिरवलेला फिका रंग) दुसऱ्या दिवशी.