स्टीलची बाटली, क्लिपचा डबा आणि केळीचं पान : जून ते एप्रिल वापरून

प्लास्टिकची बाटली, फॉइलमधली पोळी आणि फेकायचे पेन बंद करून पहिली ते पाचवीच्या मुलांना दुसऱ्या वस्तू दिल्या, त्याला शाळेचं एक वर्ष होत आलं. मुलाला स्वतःला उघडता, लावता आणि उचलता आलं तेवढंच टिकलं. बाकीचं पावसाळ्यातच माळ्यावर गेलं.

आधी बाटली. जळगाव-भुसावळकडचं ऊन बघता थर्मासवाली घ्यावीशी वाटतेच. पण ७५० मिलीची ती बाटली रिकामीच साधारण ३५० ग्रॅम, भरली की किलोच्या वर. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणाप्रमाणे ओझं मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत हवं, म्हणजे २२ किलोच्या पोराला २.२ किलो. निम्मं तर पाण्यातच जातं! म्हणून लहानांना ५०० मिलीची एकपदरी (थर्मास नसलेली साधी) बाटली द्या, शाळेत पिण्याच्या पाण्याची सोय असेल तर मधल्या सुट्टीत ती पुन्हा भरायला शिकवा. वरून जुन्या सुती धोतराची पिशवी शिवून ओली करा आणि बाटली दप्तराच्या बाहेरच्या जाळीत ठेवा. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत पाणी छान गार राहतं. पावसाळ्यात ही पिशवी काढून टाका, नुसता कुबट वास धरते.

घेताना ३०४ ग्रेडचा (चांगल्या प्रतीच्या स्टीलचा) शिक्का बघा. चुंबक चिकटत नाही म्हणजे स्टील चांगलं, असं दुकानदार लावून दाखवतात, पण स्वस्त २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे त्या परीक्षेला अर्थ नाही. बोअरच्या जड पाण्याने आत पांढरा थर धरतो. दोन चमचे व्हिनेगर आणि कोमट पाणी अर्धा तास ठेवून ब्रशने घासलं की निघतो. ब्लीच मात्र नको, त्यातल्या क्लोरीनने स्टीलला बारीक खड्डे पडतात. वास येतो तो बहुतेक वेळा झाकणातल्या रिंगमुळे. आठवड्यातून एकदा चमच्याच्या दांड्याने ती काढा, सिलिकॉनची असेल तर पाच मिनिटं उकळा, पूर्ण वाळवा. परत बसवताना पीळ पडला तर बाटली गळते आणि वह्या भिजतात.

डब्याची क्लिप दुकानातच मुलाकडून उघडून घ्या. पहिलीतल्या बोटांना घट्ट क्लिप उघडत नाही, मग डबा भरलेलाच घरी येतो. शेवभाजीची तर्री रिंग नसलेल्या झाकणातून हमखास झिरपते. वांग्याचं भरीत, कोरडी मेथी, रस्सा न केलेल्या पातोड्या चालतात. गरम पोळी लगेच झाकली तर झाकणाला पाणी सुटून ती ओली होते, पाच-सात मिनिटं निवू द्या.

फॉइलऐवजी केळीचं पान हा आपल्याकडचा सगळ्यात चांगला बदल. रावेर-यावल पट्ट्यात पान शेतातूनच मिळतं. मधला दांडा काढून डब्याच्या मापाचा तुकडा कापा, पुसा, आणि गॅसच्या मंद आचेवरून हिरवा रंग गडद होईपर्यंत फिरवा. मग ते घडी घालताना फाटत नाही. कापलेल्या कडेला चीक येतो, तो ओल्या फडक्याने पुसलाच पाहिजे. गणवेशाच्या पांढऱ्या शर्टाला लागला की काळपट डाग पडतो आणि तो सहजी जात नाही. उरलेलं पान मुलाने डब्यातच परत आणायचं, घरी कुंडीत किंवा खताच्या खड्ड्यात टाकायचं.

पेन रिफिल बदलायचा घ्या, पण एकाच मापाचा, नाहीतर रिफिल बसत नाही आणि नवा पेन येतो. वह्यांना चकचकीत खाकी कव्हर नको, त्याला प्लास्टिकचा थर असतो. जुन्या कॅलेंडरची पानं जाड असतात, सेलोटेप न लावता नुसत्या घडीवर बसतात. पावसात कोपरे झिजतात, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत एकदा बदलावी लागतात. तेव्हा आत दुमडायच्या चारही पट्ट्या दोन बोटं रुंद ठेवा, अरुंद ठेवल्या तर कव्हर निसटतं.