80 मेगाहर्ट्झचा सोस आणि आमच्या कॉलेजचा वायफाय सर्व्हे

अंधेरीच्या बाजूच्या एका कॉलेजात मी संगणक विभाग बघते, म्हणजे पर्यायानं सगळ्या इमारतींचं वायफायही माझ्याच गळ्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही एका छोट्या कंपनीकडून वायरलेस सर्व्हे, म्हणजे कुठे वायफाय कसं पोहोचतं याची खोलीखोलीतून मोजणी, करून घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अर्धं कौतुक आहे आणि अर्धी कुरकुर. पण कॉलेज, हॉस्टेल किंवा मोठं ऑफिस सांभाळणाऱ्यांनी असा सर्व्हे मागवावा का, एवढं यातून नक्की कळेल.

आमची तक्रार अशी होती: मोबाइलवर वायफायच्या सगळ्या दांड्या भरलेल्या, आणि लायब्ररीत साधी पीडीएफ उघडायला दोन मिनिटं. अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारी यंत्रं) बसवून देणाऱ्यानं 5 गिगाहर्ट्झच्या बँडवर सरसकट 80 मेगाहर्ट्झ रुंदीचे चॅनल ठेवले होते. चॅनल म्हणजे हवेतला रस्ता: जितका रुंद तितका वेग जास्त, पण तितके रस्ते कमी. हस्तांतराच्या दिवशी रिकाम्या सभागृहात स्पीड टेस्ट झकास आली, सगळे खूश, बिल पास.

सर्व्हेला दोन मुलं आली. एकाच्या हातात लॅपटॉप, खांद्याला एकाहाऊचं साइडकिक नावाचं मोजयंत्र. पुढे शिपाईमामा किल्ल्यांचा जुडगा घेऊन, मागे ही वरात. प्रत्येक खोलीत भिंतीच्या कडेनं हळूहळू चालायचं, थांबायचं, नकाशावर टिचकी मारायची. घाई अजिबात केली नाही, गच्चीखालच्या स्टोअररूममध्येसुद्धा गेली. याला पैकीच्या पैकी गुण.

खरे पैसे वसूल झाले ते वाचनालयात. त्या मुलानं मधल्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, सिग्नल कमी नाहीये, गर्दी जास्त आहे." स्क्रीनवर 36 ते 48 क्रमांकाच्या चॅनलच्या पट्ट्यात आमचेच सहा अ‍ॅक्सेस पॉइंट एकावर एक बसलेले, आणि त्यांच्यावर समोरच्या टॉवरमधल्या घरोघरच्या राऊटरांचा थर. वायफायचा नियम साधा आहे: आधी ऐकायचं, हवा मोकळी असली तरच बोलायचं. एकाच चॅनलवर एकमेकांना ऐकू येणारे सहा अ‍ॅक्सेस पॉइंट असले, तर सहा जणांत एकाचाच वेळ वाटला जातो. महागडं यंत्र घेतलं म्हणून तो वेळ वाढत नाही.

मग आकडेमोड झाली. ऑक्टोबर 2018 च्या अधिसूचनेनं भारतात 5 गिगाहर्ट्झमध्ये एकूण 605 मेगाहर्ट्झ विनापरवाना वापरायला मिळाले. त्यात नेहमीच्या उपकरणांना चालणारे 20 मेगाहर्ट्झचे साधारण 25 चॅनल बसतात, 40 चे 12, 80 चे फक्त 6, आणि 160 चे 2. त्या सहापैकी चार रडारसोबत वाटून घ्यायच्या पट्ट्यात येतात. घरगुती राऊटर बहुतेक वेळा त्या पट्ट्यात जातच नाहीत, म्हणून अख्खी सोसायटी उरलेल्या दोनांवर तुटून पडलेली असते. आमच्या एका मजल्यावर दहाच्या वर अ‍ॅक्सेस पॉइंट. सहा चॅनल दहा जणांना पुरवायचे कसे?

दुसरी गोष्ट मला माहीत होती, पण प्रत्यक्ष मोजून पाहिली नव्हती. रुंदी दुप्पट केली की रिसीव्हरमधला गोंगाट 3 डेसिबलनं वाढतो. म्हणजे 20 वरून 80 वर गेलात की सिग्नल आणि गोंगाट यांच्यातल्या अंतरातले 6 डेसिबल गेले. अ‍ॅक्सेस पॉइंटखाली बसलेल्याला फरक पडत नाही, शेवटच्या बाकावरच्या पोराचा फोन मात्र लगेच खालच्या वेगावर घसरतो. आणि तो हळू बोलतो तेवढा वेळ वर्गातले बाकीचे ताटकळतात.

अहवालातली शिफारस थोडक्यात अशी: वर्ग, वाचनालय आणि सभागृह 20 वर, स्टाफरूम आणि प्रयोगशाळा 40 वर, 80 कुठेच नाही. 2.4 गिगाहर्ट्झ या जुन्या बँडवर फक्त 1, 6 आणि 11 हे चॅनल, तेही एकाआड एक यंत्रावर बंद. पूर्ण बंद करता आलं नाही, कारण हजेरीचं बायोमेट्रिक यंत्र आणि दोन जुने प्रिंटर दुसरं काही ऐकतच नाहीत. नेटवर्कच्या नावांची खोगीरभरतीही कमी करायला सांगितली. पाहुणे, परीक्षा, सेमिनार अशी आमच्याकडे सात नावं होती, आणि प्रत्येक नाव प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंटवरून सेकंदाला जवळपास दहा वेळा 'मी इथे आहे' असं ओरडत असतं. आता तीन उरली आहेत.

बदल केल्यावर पहिला फोन आला तो उपप्राचार्य सरांचा. "अहो, माझ्या केबिनमध्ये पाचशे यायचे, आता दीडशेच येतात! नवीन यंत्रं घेऊन उलटंच केलंत?" बरोबर आहे. दोन अँटेनांच्या वायफाय 6 फोनला 80 वर कागदोपत्री 1201 मेगाबिट मिळतात आणि 20 वर 286, प्रत्यक्षात त्याच्या निम्मे धरा. मी त्यांना दुपारच्या सुट्टीत वाचनालयात घेऊन गेले, जागा सगळ्या भरलेल्या असताना. पीडीएफ उघडली, व्हिडिओ चालला. सर "हं" म्हणाले. केबिनमधल्या दीडशेबद्दल त्यांचा राग अजून आहे, तो असू दे.

आता कुरकुर. सर्व्हे केला मे महिन्यात, कॉलेज ओस पडलेलं असताना. रिकाम्या वर्गात लाटा मस्त पसरतात. साठ मुलं बसली की तेच सिग्नल माणसांच्या अंगात जिरतात, शिवाय साठ फोन एकदम बोलायला लागतात. त्यामुळे सगळीकडे सिग्नल उणे 67 डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) वर दाखवणारा तो सुंदर हिरवा नकाशा मी जरा सावधपणेच वाचते. जुलैमध्ये पुन्हा मोजून द्या म्हटलं, तर त्याचे वेगळे पैसे.

रडारचं तर त्यांच्या डोक्यातच नव्हतं. जोगेश्वरीला वेरावलीच्या टेकडीवर हवामान खात्याचा सी-बँड डॉप्लर रडार आहे, आणि सी-बँडचे हवामान रडार साधारण 5.6 गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतात, म्हणजे आपले 120, 124, 128 चॅनल. यांनी वरच्या मजल्यावर खिडकीजवळच्या यंत्राला नेमका 124 दिला. रडारची चाहूल लागली की अ‍ॅक्सेस पॉइंटला चॅनल सोडावा लागतो आणि अर्धा तास तिकडे फिरकता येत नाही. पावसाळा लागल्यावर लॉगमध्ये अशा नोंदी दिसायला लागल्या. खरंच रडार होता की यंत्राला भास झाला, हे लॉगवरून ठरवता येत नाही. मी ते तीन चॅनल यादीतून काढून टाकले आणि विषय संपवला. अंधेरीत काम करणाऱ्याला हे मी सांगावं लागू नये.

आणि अहवालाच्या चौदाव्या पानावर 'ओपीडीबाहेरील प्रतीक्षा कक्ष' असा मथळा आहे. आमच्याकडे ओपीडी नाही.

शेवटच्या प्रकरणात नवीन 6 गिगाहर्ट्झची यंत्रं घ्या, तिथे 80 खुशाल चालवा, असा आग्रह आहे. तत्त्वतः पटतं. मे 2025 मध्ये दूरसंचार विभागानं 5925 ते 6425 मेगाहर्ट्झ विनापरवाना खुलं करण्याचा मसुदा काढला, तेवढ्या पट्ट्यात 80 चे आणखी सहा चॅनल बसतात. पण आमच्या बहुतेक मुलांच्या फोनला तो बँडच नाही. सल्ला देणारा आणि यंत्रं विकणारा एकच असला की असं एक प्रकरण येतंच.

अधूनमधून बघायला मी आता अँड्रॉइडवरचं मोफत वायफाय अ‍ॅनालायझर वापरते. कोण किती रुंदीवर बसलाय ते त्यात दिसतं. फक्त डेव्हलपर ऑप्शनमध्ये जाऊन वायफाय स्कॅन थ्रॉटलिंग बंद करा, नाहीतर फोन दोन मिनिटांत चारच वेळा स्कॅन करू देतो आणि तुम्ही जुनंच चित्र बघत बसता.

बोलवायचं असेल तर वर्क ऑर्डरमध्ये आधीच लिहून घ्या: एक फेरी वर्ग भरलेले असताना, मोजमापाची मूळ फाइल आपल्या ताब्यात, आणि प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंटचा चॅनल व रुंदी वेगळ्या तक्त्यात. हॉस्टेलचं काम मी याच मुलांना देणार आहे, पण रात्री नऊनंतर या म्हणून सांगितलंय. कोटेशन अजून आलेलं नाही.